टोपीवरचे भाले आणि वऱ्हाडचा सारा

 

समीक्षा म्हटली की कादंबरी, कविता, नाटक असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. आज आम्ही ज्याची समीक्षा करणार आहोत ती वस्तू तळहातावर मावते. भारतीय सैन्यात डेक्कन हॉर्स नावाची एक रणगाडा रेजिमेंट आहे. तिच्या टोपीवरचा धातूचा बिल्ला, हाच आमचा आजचा ग्रंथ. त्यावर मजकूर किती? एकमेकांवर तिरपे टेकवलेले दोन भाले, भाल्यांना छोट्या पताका, ९ हा आकडा, आणि खाली रेजिमेंटच्या नावाची पट्टी. संपला मजकूर.

एवढ्याशा वस्तूवर तासभर काय बोलणार, असं कोणाला वाटेल. आमचं म्हणणं असं की, ज्या ग्रंथात शब्द कमी, त्यात निवड जास्त. शंभर पानांच्या पुस्तकात लेखकाला बरंच काही सांगता येतं. बिल्ल्यावर दोनशे वर्षांतून दोन-तीन खुणा तेवढ्या ठेवता येतात. बाकी सगळं गाळावं लागतं. तेव्हा चिन्ह वाचायचं म्हणजे काय ठेवलं आणि काय गाळलं, या दोन्हींचा हिशेब मागायचा.

दुसरा प्रश्न लगेच येतो, आणि तो रास्त आहे. वाशीमचा आणि रणगाड्यांचा संबंध काय? इथे सीमा नाही, छावणी नाही. आहे संबंध. या रेजिमेंटचे पूर्वज सुमारे पन्नास वर्षं ज्या पैशावर पोसले गेले, तो वऱ्हाडच्या जमिनीतून आला. म्हणजे वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा इथल्या काळ्या मातीतूनही आला. बिल्ल्यावर त्याची खूण नाही. ती का नाही, हा आमचा आजचा विषय.

आपल्या काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. सरळ अर्थ, सरकलेला अर्थ, आणि न बोलता सुचवलेला अर्थ. याच पायऱ्यांनी आपण बिल्ल्याकडे जाऊ.

भाला आणि घोडा

सरळ अर्थ घ्यायचा तर पहिल्या पायरीवरच अडखळायला होतं. नाव 'हॉर्स', पण घोडा एकही नाही. चिन्ह भाल्याचं, पण भाला कोणी वापरत नाही. आत माणसं बसतात ती पोलादी रणगाड्यात.

नैयायिकांनी शब्दांचे प्रकार पाडले आहेत. काही शब्द यौगिक, म्हणजे त्यांच्या घटकांवरून अर्थ निघतो. 'पाचक' म्हणजे शिजवणारा. काही रूढ, म्हणजे घटक काहीही असोत, लोकांनी ठरवला तो अर्थ. आणि काही योगरूढ. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेलं, पण बेडकाला कोणी पंकज म्हणत नाही, कमळालाच म्हणतात. 'डेक्कन हॉर्स'मधला हॉर्स एके काळी यौगिक होता, आज रूढ आहे. घोडा गेला, शब्द उरला.

मग रेजिमेंट तीच कशी? हा प्रश्न राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात येऊन गेला आहे. रथ म्हणजे आस का, चाकं का, जू का? यांतलं एकेक रथ नाही, आणि यांच्याशिवाय रथ म्हणून वेगळं काही सापडत नाही. 'रथ' हे व्यवहारासाठी ठेवलेलं नाव. आमच्या विषयात तर रथाचा रणगाडाच झालेला आहे. माणसं बदलली, वाहन बदललं, ज्याच्याशी इमान राखायचं तो धनीही बदलला. निजामाचा रिसाला, मग कंपनीच्या अधिकाऱ्यांखालचं घोडदळ, मग ब्रिटिश बादशहाची रेजिमेंट, मग प्रजासत्ताकाची. रेजिमेंट स्वतःची परंपरा १७९० पर्यंत मागे नेते. हैदराबाद कंटिन्जंटमधल्या दोन घोडदळ रेजिमेंटांना १९०३ मध्ये २० वी डेक्कन हॉर्स आणि २९ वी लान्सर्स अशी नावं मिळाली. १९२१ च्या पुनर्रचनेत त्या दोन एक झाल्या आणि ९ वी रॉयल डेक्कन हॉर्स तयार झाली. बिल्ल्यावरचा नऊ हा आकडा तिथला.

एवढं सगळं बदलत असताना 'आम्ही तेच' असं म्हणायला काहीतरी लागतं. ते काम चिन्ह करतं. बिल्ला हा पुरावा नव्हे, दावा आहे, आणि दावा म्हटला की तो तपासायचा असतो.

दोन महिन्यांचं अंतर

आता सरकलेला अर्थ. भाला म्हणजे नुसता भाला नव्हे. भाला म्हणजे समोरासमोर भिडणं, अंगावर जाणं. या रेजिमेंटला तो अर्थ जिथे मिळाला ती जागा फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर आहे. पहिल्या महायुद्धात सिकंदराबाद घोडदळ ब्रिगेड तिकडे गेली होती. तिच्यात २० वी डेक्कन हॉर्स होती, ३४ वी पूना हॉर्स होती, आणि ब्रिटिश ७ वी ड्रॅगून गार्ड्स होती. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी हाय वूड नावाच्या झाडीजवळ ड्रॅगून गार्ड्स आणि डेक्कन हॉर्स यांनी भाले रोखून, उभ्या पिकातून घोडे घातले. खंदक, काटेरी तार आणि मशीनगन यांच्या त्या युद्धात पश्चिम आघाडीवर असा हल्ला क्वचितच झाला. काही जर्मन सैनिक भाल्याने पडले, काही कैद झाले. पण झाडी हाती आली नाही, घोडेस्वारांना मागे यावं लागलं.

ती झाडी शेवटी पडली १५ सप्टेंबरला. आणि तोच दिवस रणगाडा हे यंत्र जगात पहिल्यांदा लढाईत उतरल्याचा. हाय वूडमध्येही काही रणगाडे घातले होते; तोडलेल्या झाडांच्या खोडांत ते अडकले. म्हणजे भाला आणि रणगाडा एकाच झाडीच्या तोंडाशी, अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने येऊन गेले. भालाही तिथे पुरा पडला नाही, आणि त्या दिवशी त्या खोडांत रणगाडाही पडला नाही.

रेजिमेंटांच्या इतिहासाची पुस्तकं हाय वूडवर रंगून लिहितात. आम्हाला त्या शौर्यावर शंका घ्यायची नाही. मशीनगनसमोर घोडा घालणारा माणूस भित्रा नसतो. आमची हरकत लेखनाच्या रीतीला आहे. तो स्वार तिथे का होता, त्याला कोणी नेलं, त्याच्या मागे गावात काय होतं, हे त्या पुस्तकांत फारसं सापडत नाही. घोड्याच्या रंगाचं वर्णन सापडतं, अधिकाऱ्यांच्या नावांची यादी सापडते, मेसमधल्या चांदीच्या भांड्यांची तर यादीच असते. या लेखनप्रकाराचा नायक नेहमी रेजिमेंट असते, शिपाई हा तिचा अवयव.

खांद्यावरची खूण

सैनिकाच्या अंगावर दोन जातींची चिन्हं असतात. टोपीवरची खूण कुळाची, खांद्यावरची कामाची. रेजिमेंट हे कूळ. डिव्हिजन किंवा आर्मी म्हणजे त्या युद्धापुरतं एकत्र आलेलं बिऱ्हाड. म्हणून खांद्यावरच्या खुणा ताज्या असतात, त्यांत त्या त्या वेळची गरज दिसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात रेजिमेंटचे घोडे गेले आणि यंत्रं आली. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत तिच्याकडे अमेरिकन बनावटीचे शर्मन रणगाडे होते. २५५ व्या भारतीय टँक ब्रिगेडमधून ती १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इरावती ओलांडून मेक्टिलाच्या लढाईत उतरली. वरची सेना चौदावी, सेनापती स्लिम. तिची खूण काळ्या-तांबड्या ढालीवरची तलवार होती, आणि तलवारीचं टोक खाली. चिन्हांच्या युरोपीय शास्त्रात तलवारीचं टोक वर असावं असा संकेत. पण ब्रह्मदेश उत्तरेकडून खाली दक्षिणेकडे जिंकत जायचा, म्हणून टोक खाली, असा त्याचा खुलासा सांगितला जातो. नकाशाच चिन्हात उतरला.

मेक्टिलाला ज्या पायदळाबरोबर हे रणगाडे लढले ती १७ वी भारतीय डिव्हिजन. तिची आधीची खूण होती विजेची रेघ. १९४२ च्या माघारीत तिचे अतोनात हाल झाले, आणि त्यानंतर ती खूण बदलून काळं मांजर घेतलं गेलं. आपल्याकडे मांजर आडवं गेलं की माणूस दोन पावलं मागे येतो. या लोकांनी ते खांद्यावर घेतलं आणि परत ब्रह्मदेशात गेले.

चौथ्या डिव्हिजनने नेमकं उलटं केलं. तिची खूण लाल गरुड. आफ्रिका आणि इटलीत या खुणेचं नाव झालं. १९६२ मध्ये नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, तिचा दारुण पराभव झाला. पण गरुड तिने टाकला नाही. एका डिव्हिजनने पराभवानंतर खूण बदलली, दुसरीने पराभवासकट तीच ठेवली. दोन्ही गोष्टी मानवी आहेत. आम्हाला दुसरी जास्त अवघड वाटते, कारण तिच्यात विसरायची सोय नाही.

याच लाल गरुडाबरोबर डेक्कन हॉर्स १९६५ मध्ये खेमकरणला होती. सप्टेंबरच्या ८ ते १० तारखांना पंजाबातल्या असल उत्तर या गावाभोवती लढाई झाली. समोर पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन, तिच्याकडे पॅटन रणगाडे. इकडे डेक्कन हॉर्सकडे कोणते? शर्मन! वीस वर्षांपूर्वी ब्रह्मदेशात वापरलेल्या जातीचेच. ऊस उभा होता, शेतांत पाणी सोडलं होतं, जड पॅटन चिखलात रुतले. उसात दबून बसलेल्या रणगाड्यांनी आणि जीपवरच्या तोफांनी त्यांना जवळून टिपलं. परमवीरचक्र मिळालेले ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद याच लढाईतले.

या वेळी रेजिमेंटचा प्रमुख होता आपल्या अलिबागचा माणूस, लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. १९४५ मध्ये याच रेजिमेंटमध्ये ते अधिकारी झाले होते. १९६५ च्या कामगिरीसाठी त्यांना महावीरचक्र मिळालं, १९७१ मध्ये शकरगढच्या बाजूला ब्रिगेडप्रमुख म्हणून दुसऱ्यांदा मिळालं, पुढे ते सरसेनापती झाले. निवृत्तीनंतर १९८६ मध्ये पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यांचं नाव अनेकांना माहीत आहे. ज्या रेजिमेंटमधून ते घडले तिचं आणि वऱ्हाडचं नातं मात्र फारसं कोणी सांगत नाही.

पैसा कोणाचा?

आता तिसरी पायरी. खरं तर इथे व्यंजनेच्याही पुढे जावं लागतं, कारण बिल्ल्याने ही गोष्ट सुचवलेलीही नाही. ती कागदपत्रांतून काढावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या निजामाच्या पदरी, पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली, एक फौज उभी राहिली. रेसिडेंट रसेल याच्या काळात तिचा पाया पक्का झाला. घोडदळ शिलेदारी पद्धतीचं. शिलेदार आणि बारगीर हे शब्द मराठी माणसाला सांगायला नकोत. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येणारा. बारगीर म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा. ब्रिटिशांनी ही जुनी दख्खनी रीत उचलली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली.

फौज निजामाच्या नावावर, हुकूम इंग्रजांचा, खर्च निजामाचा. अशी व्यवस्था कर्जात जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. फौजेच्या पगारासाठी दरबाराने हैदराबादच्या पामर आणि कंपनी या पेढीकडून शेकडा २४-२५ च्या व्याजाने पैसा उचलला. पेढी बुडाली, पण पगाराची थकबाकी साठतच राहिली. मग लॉर्ड डलहौसीने हिशेब काढला, आणि मे १८५३ च्या तहाने निजामाने कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चापोटी मुलूख तोडून दिला. वऱ्हाड, धाराशिवचा भाग, आणि रायचूरचा दोआब. फौजेचं नाव ठरलं हैदराबाद कंटिन्जंट, आणि बळही ठरलं: ५,००० पायदळ, २,००० घोडेस्वार, तोफखान्याच्या ४ बॅटऱ्या. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत गेले. वऱ्हाड राहिला.

म्हणजे पाहा, वऱ्हाड हा जिंकलेला मुलूख नव्हता, ती गहाण पडलेली जमीन होती. सरकारी भाषेत 'असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स', आपल्या भाषेत नावे करून दिलेले जिल्हे. गहाणखत कोणामध्ये? निजाम आणि कंपनी यांच्यात. सारा भरणार कोण? ज्याला कोणी विचारलं नाही तो कुणबी. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' असं आपण अभिमानाने म्हणतो. कुऱ्हाड सोन्याची खरी, पण दांडा कोणाच्या हातात होता हेही बघायला हवं.

वाशीम तेव्हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात मिसळला, आणि १९९८ मध्ये पुन्हा वेगळा झाला. दक्षिणेला पैनगंगा. नदीच्या अलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. पलीकडेच, इथून पन्नासेक किलोमीटरवर, हिंगोली. तिथे १९०३ पर्यंत कंटिन्जंटची छावणी होती. नदीच्या या काठावर सारा गोळा व्हायचा, त्या काठावर घोडे चंदी खायचे. इतकं जवळचं नातं, आणि आज हिंगोलीचा माणूस आणि वाशीमचा माणूस दोघांनाही ते आठवत नाही.

सालारजंगने वऱ्हाड परत मिळावा म्हणून कितीतरी वर्षं प्रयत्न केले. राज्यकारभाराचा खर्च फुगवला जातो आणि निजामाकडे यायची शिल्लक उरत नाही, ही त्याची तक्रार. त्या दोघांच्या भांडणात शिल्लक कोणाची हाच वाद होता; सारा हलका करावा की नाही हा नव्हता. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडला तेव्हाही कंटिन्जंटचा भार तहाप्रमाणे वऱ्हाडच्याच महसुलावर होता. पुढे १९०२ मध्ये कर्झनने करार करून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायम भाडेपट्ट्याने घेतला. कंटिन्जंट मोडली, तिच्या रेजिमेंटा भारतीय सैन्यात गेल्या, आणि 'डेक्कन हॉर्स' हे नाव जन्माला आलं.

आता बिल्ला पुन्हा डोळ्यांसमोर आणा. भाला आहे, पताका आहे, आकडा आहे. नांगर नाही.

काय पुसलं, काय ठेवलं

कोणी म्हणेल, सर, बिल्ल्यावर नांगर कोण काढतं? बरोबर. पण चिन्हांतून गोष्टी काढल्या आणि घातल्या जातात, हे आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. १९५० मध्ये प्रजासत्ताक झालं तेव्हा सैन्याच्या चिन्हांवरचे मुकुट गेले, अशोकस्तंभाचे सिंह आले. 'रॉयल' शब्द गळाला. जुनी बादशाही निशाणं डेहराडूनच्या चेटवूड सभागृहात ठेवून दिली. अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२२ मध्ये, नौदलाच्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा क्रूस काढून शिवरायांच्या राजमुद्रेवरून सुचलेली अष्टकोनी चौकट आली. म्हणजे चिन्ह हा चालू मजकूर आहे, त्याला संपादक असतो. संपादकाला निकष विचारायचा अधिकार वाचकाला आहे.

रणसन्मानांचंच पाहा. प्रत्येक रेजिमेंटला ज्या लढायांचं नाव लावता येतं ती तिची यादी. कंटिन्जंटच्या घोडदळाला 'सेंट्रल इंडिया' हा सन्मान होता. तो कशाबद्दल? १८५८ ची सर ह्यू रोजची मोहीम. झाशी, काल्पी. समोर राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे. विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. तटाच्या आतून काय दिसलं ते 'माझा प्रवास'मध्ये आहे. ते पुस्तक वाचताना आपण आपोआप तटाच्या आत उभे राहतो. पण बाहेरच्या फौजेत जे दख्खनी घोडेस्वार होते, त्यांची चंदी वऱ्हाडच्या साऱ्यातून आली होती, हे ध्यानात घेतलं तर तटाच्या आत इतक्या सहज उभं राहता येत नाही.

स्वतंत्र भारताच्या सैन्याने ठरवलं की भारतीय सत्तांविरुद्ध मिळवलेले सन्मान साजरे करायचे नाहीत. असे सन्मान तिरस्करणीय या सदरात गेले, आणि 'सेंट्रल इंडिया' त्यांतलाच. निर्णय समजण्यासारखा आहे. पण निकष नीट बघा. लढाई 'कोणाविरुद्ध' होती हे विचारलं गेलं. 'कोणासाठी' होती हे विचारलं गेलं नाही. कोणासाठी हे विचारलं असतं तर सोमही गेलं असतं, कारण तिथे आपला शिपाई इंग्लंडच्या बादशहासाठी मेला. मेक्टिलाचं काय करायचं हा तर फारच अवघड प्रश्न झाला असता, कारण तिकडे जपान्यांच्या बाजूला आझाद हिंद सेनाही होती. म्हणून सोयीचा निकष लावला. आम्ही त्याला दोष देत नाही. सैन्य चालवायचं असतं, तिथे तत्त्वज्ञानाचा वर्ग भरवता येत नाही. पण वर्ग कुठेतरी भरायला हवा. आज तो इथे भरला आहे.

चिन्हाचा अर्थ वापरणाऱ्यांच्या हातात किती बदलतो, याचं एक उदाहरण देतो. पूना हॉर्सचं घ्या. फेब्रुवारी १८५७ मध्ये इराणात खुशाबच्या लढाईत तिच्या पूर्वज रेजिमेंटने इराणी पलटणीचं निशाण हस्तगत केलं. त्याच्या माथ्यावर चांदीचा हात, आणि ईश्वराचा हात सर्वांच्या वर आहे अशा आशयाची कुराणातली अक्षरं. तो हात रेजिमेंटची खूण झाला. १९६५ मध्ये तीच रेजिमेंट पाकिस्तानविरुद्ध फिलोराला लढली. प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर, पारशी, मुंबईत जन्मलेले, लष्करी आयुष्याची सुरुवात निजामाच्या फौजेत केलेले. १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले, परमवीरचक्राचे मानकरी झाले. इराणी निशाण, अरबी वचन, पारशी सेनापती, भारतीय प्रजासत्ताकाची रेजिमेंट. या खुणेचा 'मूळ' अर्थ कोणता हा प्रश्नच इथे लटका पडतो. लूट म्हणून आलेली वस्तू ज्यांनी मरेपर्यंत वागवली, त्यांनी तिला आपला अर्थ दिला.

वारसा म्हणजे कर्जासकट

तेव्हा चिन्हं वाचायच्या दोन चुकीच्या रीती आम्हाला दिसतात. पहिली भक्तीची. बिल्ला दिसला की हात कपाळाला, पुढे प्रश्न नाही. ही रीत शिपायाचा सन्मान करते असं वाटतं, पण प्रत्यक्षात ती त्याला पुतळा करते. पुतळ्याला पगार लागत नाही, घर लागत नाही, आणि त्याची चंदी कोण देतं हे विचारावं लागत नाही. दुसरी रीत झटकून टाकण्याची. हे सगळं गुलामीचं, भाड्याच्या फौजेचं, फेकून द्या. ही रीत स्वतःला स्वाभिमानी समजते, पण ती फार स्वस्तात सुटते. असल उत्तरच्या उसात शर्मनमध्ये बसून पॅटनची वाट बघणारा जवान याच भाल्यांच्या खुणेखाली बसला होता. खूण फेकली की तोही जातो.

आपल्याकडे वारसा हक्काचा जुना नियम आहे. शेत पाहिजे तर त्याच्यावरचा बोजाही घ्यावा लागतो. सात-बारावर बोजा चढलेला असतो, आणि वारस म्हणत नाही की मला नुसती जमीन द्या. डेक्कन हॉर्सच्या वारशात हाय वूड आहे, मेक्टिला आहे, असल उत्तर आहे. त्यात झाशीही आहे. आणि वऱ्हाडचा सारा आहे. वऱ्हाडच्या माणसाने म्हणावं, 'या रेजिमेंटच्या शौर्यात आमचा वाटा आहे, आम्ही पैसा भरला.' अवश्य म्हणावं. पण मग झाशीच्या तटाबाहेरच्या घोड्यांतही वाटा आला. आपल्या इच्छेने आला नाही हे खरं. सक्तीने घेतलेल्या पैशाचं पाप देणाऱ्याला लागतं का, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. आमचं उत्तर असं: पाप लागत नाही, पण माहिती करून घ्यायची जबाबदारी लागते.

नावातल्या 'डेक्कन' शब्दाचंही असंच. एके काळी या घोडदळात दख्खनी मुसलमान मोठ्या संख्येने होते. पुढे इंग्रजांच्या डोक्यात लढवय्या जातींचा सिद्धांत शिरला आणि भरतीचा रोख उत्तरेकडे वळला, शीख आणि जाटांकडे. फाळणीत १८ घोडदळ रेजिमेंटांपैकी १२ भारताकडे आल्या आणि ६ पाकिस्तानकडे गेल्या. भारताकडे आलेल्यांतल्या मुसलमान तुकड्या साधारणपणे तिकडे गेल्या. नाव दख्खनचं राहिलं, दख्खनी स्वार नावातून निघून गेले. त्यांचीही खूण बिल्ल्यावर नाही.

तर मग बिल्ला बदलायचा का? आमचं मत: बदलू नये. भाले राहू द्यावेत. चिन्हावर सगळं लिहिता येत नाही, आणि लिहू गेलं तर ते चिन्ह राहत नाही, जाहीरनामा होतो. गाळलेला मजकूर चिन्हाच्या शेजारी लिहावा. अहिल्यानगरला लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, शाळांच्या सहली तिकडे जातात. मुलं रणगाड्यावर हात ठेवून फोटो काढतात, ते काढू देत. पण वाशीमच्या शिक्षकाने जाण्याआधी वर्गात १८५३ चा तह शिकवावा. हिंगोलीला जुन्या छावणीच्या जागी एक साधी पाटी लागावी. जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी वत्सगुल्मच्या वाकाटकांवर लिहावंच, बालाजी मंदिरावरही लिहावं, पण महसुलावर एक प्रकरण ठेवावं. जुन्या घरांतून सारा भरल्याच्या पावत्या, पट्टे, पाटील-पांडे यांची दप्तरं अजून निघतात. ती रद्दीत घालू नका. रेजिमेंटच्या इतिहासाचं गाळलेलं अर्धं पुस्तक त्या कागदांत आहे.

पाटीवर काय लिहावं, असं कोणी विचारलं तर मजकूर तयार आहे. 'येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. तिच्या घोडदळातून आजची डेक्कन हॉर्स रेजिमेंट आली. १८५३ ते १९०२ या काळात तिचा खर्च वऱ्हाडच्या शेतकऱ्यांनी भरलेल्या साऱ्यातून झाला.' तीन वाक्यं. विशेषण एकही नको.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता प्रश्न येऊ द्या. आणि कोणाच्या घरी जुनी दप्तरं असतील तर प्रश्नाआधी ते सांगा.